रिकाम्या रकान्याच्या ओळी

"तो कोपरामाना ठिपका काढी टाकाले सांग ना तिले. छापामा घाण दखास."

आमच्या जिल्हा आरोग्य कार्यालयातले मोठे लिपिक, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, दाराबाहेर उभं राहून शिपायाला सांगत होते. 'तिले' म्हणजे मला, आणि ठिपका माझ्या चित्रातला; छापल्यावर तो घाण दिसतो म्हणे. मी दाराच्या आत, चार फुटांवर बसले होते. इंग्लिश मीडियमची मुलगी म्हणून मला अहिराणी कळत नाही, असं तिथे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. लोणखेड्यात आमच्या घरी दुसरं काही बोलतच नाहीत. पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. कळत नाही असं समजून लोक मोकळेपणाने बोलतात आणि आपल्याला उत्तर द्यावं लागत नाही.

काम साधं होतं. डोंगरातल्या कोणत्या पाड्यावरचा पेशंट कोणत्या दवाखान्यात जातो, याच्या नोंदी गावोगावच्या फॉर्मांवरून आल्या होत्या. त्यातून मी एक चित्र केलं. पाडे आणि दवाखाने म्हणजे ठिपके, पेशंटची ये-जा म्हणजे रेषा, जास्त पेशंट तिथे रेष जाड. मोलगीच्या दवाखान्याकडे इतक्या रेषा गेल्या की तिथला ठिपका दिसेना. आणि कोपऱ्यात एक उपकेंद्र एकटं पडलं, एकही रेष नसलेलं.

चित्र कार्यालयात फिरलं आणि माझे दोन दिवस गेले. साहेब म्हणाले, जिल्ह्याचं ठिकाण मधोमध पाहिजे. मी सांगितलं की या चित्रात कोण कुठे बसतं याला अर्थ नसतो, कोण कोणाला जोडलंय एवढंच बघायचं. ते "हो, बरोबर" म्हणाले आणि पुन्हा म्हणाले, "पण नंदुरबार मध्ये घ्या." आप्पांना धडगाव खाली आलेलं खटकलं. "ताई, धडगाव वर शे, डोंगरात. तुम्ही त्याला खाली पाडलं!" कुणीतरी ठिपक्यांना तिरंग्याचे रंग सुचवले. मी सगळं केलं. दातओठ खात केलं.

मग साहेबांनी त्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथे कोणी जातच नाही. ही जागा रस्त्यावर हलवू, मोलगीजवळ. उद्याच्या बैठकीत घेऊन टाकू." तोपर्यंत माझा राग फक्त चित्रातल्या बदलांवर होता. आता खरा दवाखानाच हलणार होता. पण मी मान हलवली.

संध्याकाळी त्या उपकेंद्राच्या सिस्टरचा फोन आला. माझा नंबर तिला कुणी दिला माहीत नाही.

"मॅडम, आमचं शून्य दाखवताय म्हणे. मग मी इथे रोज काय माशा मारते का?"

मी म्हटलं, फॉर्मात जे होतं तेच घेतलंय.

"फॉर्म मीच भरलेत. एकूण एक. त्यात वाहन क्रमांकाचा रकाना आहे, तो तेवढा रिकामा सोडला. काय लिहू? परवा बाळंतपणाची बाई झोळीत आणली. बांबूला पुढे एक दीर, मागे एक दीर. नंबर कोणाचा टाकू, पुढच्याचा की मागच्याचा?"

ती हसली. मला हसू आलं नाही. रेंज गेली आणि फोन तुटला.

मी लॅपटॉप उघडला. मूळ नोंदींमध्ये तिच्या ओळी होत्या, भरपूर होत्या, शेजारच्या सात-आठ पाड्यांमधून आलेल्या. प्रत्येकीत एक रकाना रिकामा. पण ज्या फाइलवरून चित्र काढलं तिच्यात त्या नव्हत्या, कारण पहिल्याच दिवशी मी प्रोग्राममध्ये एक सूचना लिहिली होती: कुठलाही रकाना रिकामा असेल तर ती ओळ वगळा. कॉलेजात असंच शिकवलं होतं. अपूर्ण नोंद म्हणजे कचरा. दोन दिवस मी या लोकांवर मनातल्या मनात चिडत होते, की ह्यांना चित्र वाचता येत नाही. मला फॉर्म वाचता आला नव्हता.

सकाळी साहेबांना गाठायचं ठरवलं, पण ते फोनवर होते. मग चहा आला, मग बैठकच सुरू झाली. पडद्यावर माझं चित्र, मध्ये नंदुरबार, वर धडगाव. आप्पांनी पेन ड्राइव्ह शिपायाच्या हातात ठेवला, फ्लेक्सवाल्याकडे न्यायला. साहेब उपकेंद्र हलवण्याचं वाक्य लिहून घ्यायला सांगत होते. मी वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, मग त्यातला 'वगळणे' शब्द अडकला. सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगायची, तीही अडखळत. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?" ते विचारायचं म्हणून विचारतात, आणि लगेच वही मिटतात. त्यांनी वही मिटली.

मी उभी राहिले. खुर्ची इतक्या जोरात सरकली की शिपाई दारातच थांबला.

"सर, छपाईला पाठवू नका. त्या उपकेंद्रात माणसं पायी येतात, झोळीतून येतात. त्यांना गाडीचा नंबर नाही, म्हणून मी त्यांना काढून टाकलं. सगळ्यांना. चूक माझी आहे."