निअर मिसचा फॉर्म

मृत्यू माणसाला सगळ्या बंधनांतून मोकळं करतो, असं शोकसभांमध्ये मीही गंभीर चेहऱ्यानं ऐकत आलो आहे. कतारमध्ये त्याआधी व्हिसा रद्द करून घ्यावा लागतो. सुहास देवरे गेला त्यानंतरचे तीन दिवस मी त्याच्या कंपनीच्या माणसाबरोबर त्याच कामात होतो. एका काउंटरवरच्या कारकुनानं अर्ज चाळून विचारलं, अर्जदार स्वतः का आला नाही... मग कागद नीट वाचला आणि दोनदा सॉरी म्हणाला. सुहासला हा किस्सा आवडला असता. त्यानं तो माझ्यापेक्षा चांगला सांगितला असता.

मेसईदच्या एका खतकारखान्यात आम्ही दोघं अकरा वर्षं सेफ्टी विभागात होतो. तिथली एक पद्धत सांगायला हवी. वरून पाना पडला पण कुणाला लागला नाही, शिडी सरकली पण माणूस सावरला, अशा टळलेल्या अपघाताला निअर मिस म्हणतात आणि त्याचा फॉर्म भरायचा असतो. सहसा कुणी भरत नाही. आपलीच चूक निघेल आणि आपल्याला घरी पाठवतील, ही भीती. सुहास चहाच्या वेळी फॉर्मचा गठ्ठा घेऊन फिरायचा आणि एकेकाला गाठून म्हणायचा, "भाई, आज बच गये ना? तो लिख दो. कल शायद लिखने को न बचो."

लिहून ठेवण्याचं हे वेड त्याला बेसबॉलनं लावलं असावं. तरुणपणी ट्रेनिंगसाठी चार महिने अमेरिकेत होता, तिथून तो एका सतत हरणाऱ्या संघाचं प्रेम घेऊन आला. दोह्यात सगळं गाव फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीत खणलेलं, आमची मंडळी क्रिकेटमध्ये, आणि हा पहाटे उठून लॅपटॉपवर बेसबॉल बघणार, एका लांबट वहीत चेंडू न् चेंडू टिपणार. आदल्या संध्याकाळीच पानाच्या डोक्यावर दोन्ही संघांची नावं आणि तारीख घालून ठेवायचा. ह्या खेळात चूक झाली की ती कुणाची, ते नावानिशी लिहितात, हे त्याला फार सभ्य वाटायचं. मला तो खेळ कधी कळला नाही.

दुसरं वेड येणाऱ्या सिनेमांचं. आलेल्या नव्हे. फ्रिजवर चुंबकाखाली यादी असायची, तारखांसकट. सिनेमा लागला की बहुतेक वेळा त्याचा रस संपे. "येणार असतो तोवर चांगलाच असतो," असं त्याचं म्हणणं. त्या काळात आमच्याकडे सगळंच येणार होतं. मेट्रो येणार, स्टेडियम येणार, सगळं जग येणार. प्रत्येक कुंपणावर भविष्यकाळाचे मोठमोठे फलक होते आणि त्यांच्या सावलीत माणसं जेवायला बसलेली असायची.

अशा वेळी त्याला नवी नोकरी लागली. एका सल्लागार कंपनीत, स्टेडियमच्या सुरक्षेची. भरलेलं स्टेडियम घाबरून उठलं तर सगळे बाहेर कसे पडतील, हे ठरवण्याची. "भीतीचा पगार मिळतो मला," म्हणायचा. बावन्नाव्या वर्षी सहा महिन्यांचं प्रोबेशन, त्यात सुटीही घ्यायची नाही असा त्यानंच घालून घेतलेला नियम. बायको मेधा नाशिकला, मुलगी तिथं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तो दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत दोन खोल्यांत एकटा राहायला लागला. मी शुक्रवारी मेसईदहून बसनं जायचो, आणि आम्ही दुपारचा सिनेमा बघायचो. खरं तर ट्रेलर बघायचो.

असाच एक शुक्रवार. ट्रेलर चालू होते. पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "बापट, काल स्टेडियमच्या जिन्यावर छातीत धरलं. डावा हात बधिर झाला. दहा मिनिटं बसून राहिलो."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता उठ, हॉस्पिटलला जाऊ.

"प्रोबेशनचे सात आठवडे राहिलेत. मग जाऊ, इन्शाल्ला."

"निअर मिस आहे हा. फॉर्म भर."

तो हसला. "फॉर्म माझ्याकडेच येतो." मग जरा वेळानं, "मेधाला बोलू नकोस. उगाच घाबरेल."

त्यानंतर दोन तास जो सिनेमा चालला, त्यातलं मला काहीही आठवत नाही.

मी बोललो नाही. बोललो असतो तर मेधावहिनींनी त्याला परत बोलावलं असतं, नोकरी गेली असती, आणि ती माझ्यामुळे गेली असती. सेफ्टीत आयुष्य घालवलेला माणूस मी... आमचे कामगार फॉर्म का भरत नाहीत, ते मला तेव्हा कळलं. त्याऐवजी मी रोज सकाळी साडेसहाला त्याला फोन करू लागलो. काय झालं मॅचचं? त्याच्या आवाजात धाप आहे का, ते मी ऐकत असे. तो खेळाडूंची नावं सांगत असे. "अखेर तुला गोडी लागली तर," एकदा खूश होऊन म्हणाला. रिंग तिसऱ्यांदा वाजली की मी बूट शोधायला लागायचो.

पाचव्या आठवड्यात एका सोमवारी रिंग वाजतच राहिली. आठ वाजता त्याला रोज गाडीतून नेणाऱ्या सहकाऱ्याचा फोन आला. दार उघडत नव्हतं. मी पोहोचलो तेव्हा उघडलं होतं. तो खुर्चीत होता, समोर वही उघडी. डोक्यावर दोन संघांची नावं, सोमवारची तारीख, खाली कोरं पान. त्याच्या साइटवर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक असतो. तो साइटवर नव्हे, घरी गेल्यामुळे तिथला आकडा दुसऱ्या दिवशीही एकानं वाढला.

फोनवर वहिनींनी विचारलं होतं, "तुम्हाला काही बोलले होते का, भाऊजी?" मी नाही म्हणालो.

ते कोरं पान मला छळत राहिलं. सामना पहाटे पाचचा. म्हणजे त्याआधीच तो गेला, म्हणजे मी फोन घेऊन साडेसहाची वाट पाहत चहा पीत होतो तेव्हा... हा हिशेब मी रोज मांडायचो. महिन्यानं वही घेऊन नाशिकला गेलो आणि वहिनींना सांगून टाकलं की मला माहीत होतं.

त्या बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिल्या. "मलाही माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मला बोलले होते. बापटला सांगू नकोस, तो ओढत हॉस्पिटलला नेईल, म्हणाले. मुलीची फी, नवी नोकरी... मी गप्प बसले."

बोलण्याची वेळ त्या पाच आठवड्यांपुरती होती.

वही आता माझ्याकडे मेसईदला आहे. वहिनींनीच दिली. सकाळी साडेसहाला हात अजून फोनकडे जातो, म्हणून मी वही उघडतो. डाव्या दंडात थोडं दुखलं की रात्री कुठल्या कुशीवर झोपलो होतो ते आठवून बघतो, आणि येत्या रविवारी तपासणीची वेळ घेतली आहे. गेल्या आठवड्यात म्हटलं, त्याचं शेवटचं पान आपणच भरून टाकू. सामन्याचा तपशील शोधून काढला.

त्या दिवशी तिकडे पाऊस होता. सामना झालाच नव्हता. तो जिवंत असता तरी पान कोरंच राहिलं असतं.