चढवलेली पट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवासमोर बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. पण आज तोंड गप्प बसेना, तर तुम्हीच ऐका.

आमचा नाट्यसंगीताचा वाद्यवृंद पुन्हा उभा राहतोय! आमच्या परदेशीपुऱ्यातल्या कापडमिलच्या बाबू लोकांनी तो सुरू केला होता — व्हायोलिन, क्लॅरिनेट, तबला आणि पायानं भाता मारायचा ऑर्गन. मधे सगळं थंडावलं. आता पुण्याहून नोकरीला आलेली पोरं व्हायोलिन घेऊन येतात, ऑर्गन दुरुस्त झालाय, रविवारी पडदा वर जाणार. वय विसरून घरभर नाचतेय मी, सच्ची. आणि वृंदाचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडेच दिलंय. आता बोला.

त्या इतिहासात एक किस्सा ठरलेला. शेवटच्या मोठ्या प्रयोगात नायिकेची पदं गाणाऱ्या सुमनचा आवाज वरच्या सुराला फाटला, तेव्हा ऑर्गनवरून मी तो सूर लांबवून तिला सांभाळून घेतलं. अजून कौतुक करतात लोक. मी मान खाली घालून हसते. त्यांना वाटतं, किती साधी बाई.

सुमन माझी मैत्रीण, शाळेपासूनची. नायिकेची पदं मला हवी होती, मिळाली तिला. वृंदाचे मास्तर म्हणाले, तुझा हात चांगला आहे, तू ऑर्गनवर बस. बसले. पण आतून जळत होते — दुसरा शब्द कशाला शोधू?

आमच्यात पडद्यामागे ऑर्गनवरून सूर देतात. त्यावरच तबला लागतो, व्हायोलिन लागतं, गाणारी तोच सूर घेऊन उभी राहते. सुमनची पट्टी काळी चार. त्या दिवशी मी काळी पाच धरली. अख्खा एक सूर वर. तबलजी थबकला.

"ताई, आज चढी पट्टी क्या?"

"हां भिया, सुमननंच सांगितलंय."

किती सहज बोलले मी? सुमन आत नथ घालत होती. घंटा झाली, पडदा वर गेला, मग पट्टी कोण बदलणार? पहिलं पद तिनं कसंबसं निभावलं. दुसऱ्यात, वर जाताना — फाटला. मी सूर लांबवला तो घाबरून.

त्यानंतर ती गायली नाही. आपला आवाजच गेला, असं तिनं मानलं. मी मानू दिलं. तिच्याच ओट्यावर चहा पीत, इतकी वर्षं.

काल ती तालमीला आली. नांदी म्हणणार आहे! आनंदानं मी मिठीच मारली. तर कानाशी म्हणते, "नलू, पट्टी जरा खाली घे गं. माझ्या आवाजाचा भरवसा नाही. पण सूर तूच दे. तू दिलास की मला भीती वाटत नाही."

रात्रभर हेच ऐकत पडले होते. आता चप्पल घातलीय, तिच्याकडे निघालेय. रविवारी तो किस्सा कसा सांगायचा, ते ती ठरवेल. मला एवढंच सांगायचंय — सुमन, तुझा आवाज गेला नव्हता. पट्टी मी चढवली होती.