सुभेदारांचा परतीचा रस्ता

सुभेदार कुठेही गेले तरी आधी मागचं दार शोधायचे. लग्नाचा हॉल असो, बँक असो, नाहीतर दातांचा दवाखाना, आत पाऊल टाकलं की त्यांची मान सगळीकडे फिरणार आणि मगच ते खुर्चीत टेकणार. तीही दाराजवळची खुर्ची. पंगतीत ते टोकाला बसत, त्यामुळे जिलेबी त्यांच्यापर्यंत पोहोचायची तेव्हा परातीत चुरा उरलेला असायचा. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "आवं सर, आत शिरायला काय लागतंय? भाईर कसं पडायचं, ते आदी बघाय नको व्हय?"

फौजेतली नोकरी संपवून ते कराडजवळच्या मलकापूरला आले आणि माझे शेजारी झाले. मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेला. सकाळचा चहा त्यांच्या अंगणात, म्हशीच्या साक्षीनं. समोरून कुणी पिशवी घेऊन निघालेला दिसला की सुभेदारांची हाक जायचीच, "परतीचा रस्ता काय रं?" त्यांचा पुतण्या लग्नानंतर गोव्याला निघाला तेव्हा त्यालाही विचारलं, "परतीचं तिकीट काढलंस न्हवं? दोगांचं?" नवी नवरी पदर तोंडाला लावून हसली. पुतण्यानं मात्र खिशातून मोबाइल काढून खरंच तिकिटं दाखवली. त्याशिवाय सुटका नव्हती.

अशा माणसाबद्दल हल्ली आमच्या नाक्यावर एक वाक्य फिरतंय. म्हातारा गेला, म्हणून पोरगी सुटली. सलूनमध्ये ऐकलं, पतसंस्थेच्या रांगेत ऐकलं. पोरगी म्हणजे त्यांची नात मनू. ती या उन्हाळ्यात देशातल्या एका नामांकित मॅनेजमेंट संस्थेत शिकायला गेली, आणि सुभेदार गेल्या हिवाळ्यात वारले. लोकांनी दोन्ही जोडलं. हे साफ खोटं आहे. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि इतकी वर्षं मी तोंड उघडलं नाही. माझ्या त्या गप्प बसण्याचं ओझं आता या वयात उचलवत नाही.

मनूचे वडील फौजेतच, कायम बदलीवर. पोर आजोबांकडे वाढली, माझ्याकडे गणित शिकली. इंजिनिअर होऊन कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात लागली. तिथं पंपाचे सुटे भाग बनायचे. सांगलीत खोली घेऊन राहायची, सुट्टीला घरी यायची आणि लेथ मशिनबद्दल असं बोलायची की जणू घरातलंच कुणी आजारी आहे. मला वाटायचं, एवढी हुशार मुलगी आणि हातांना ग्रीस? मीच तिला मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेला बसवलं. मुलाखतीची तयारीही मीच करून घेतली. "हे शिक्षण तुला का हवंय?" या प्रश्नाचं उत्तर मी लिहून दिलं, तिनं पाठ केलं. झकास उत्तर होतं. आजही मला येतं.

निवड झाली. निकाल कळला त्याच संध्याकाळी मी फ्लेक्सवाल्याकडे. दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स झळकला. 'हार्दिक अभिनंदन', खाली मनूचा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि डाव्या कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून मी. माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा आला होता. फ्लेक्सवाल्याची चूक, असं मी सगळ्यांना सांगितलं.

मनूला मात्र विचारायचं राहूनच गेलं. जायचं की नाही हे तिचं अजून ठरलेलं नव्हतं. फी भरायची मुदत जवळ आलेली. ती आजोबांसमोर बसून रडकुंडीला आली. "आबा, समदा गाव पेढं मागतोय. आता न्हाई कसं म्हणू?"

सुभेदारांनी एवढंच विचारलं, "जाशील ते बरंच करशील. पर परत येताना काय घिऊन येणार?"

"डिग्री."

"ती तर कागूद झाला. तू काय घिऊन येणार?"

"त्येच तर कळंना, आबा," मनू म्हणाली. "मग रेकी करूया," सुभेदार म्हणाले. जागा पाहिल्याशिवाय हलायचं नाही, ही फौजेची शिस्त. त्यांनी चौकशी करून सांगलीत अशाच एका संस्थेत शिकलेला हळदीचा व्यापारी शोधला आणि आम्हा दोघांना एसटीत घालून त्याच्या पेढीवर नेलं. अर्थात ते बसले दाराजवळच्या पोत्यावर.

व्यापारी दिलखुलास निघाला. म्हणाला, "संस्था उत्तमच आहे. मित्र मिळाले, भीड चेपली, मोठ्या आकड्यांची धास्ती गेली. पण पहिलं वर्ष मी वाया घालवलं. बाकीचे ज्या नोकरीमागं धावत होते, तिच्यामागं मीही धावलो. का, ते माहीतच नव्हतं. शेवटी हळदीतच आलो. ताई, कशासाठी चाललाय ते आधी ठरलं असेल, तर तिथं सोनं आहे. नसेल तर तिथली गर्दीच तुमचं ठरवते."

परतताना एसटीत मनू खिडकीकडे तोंड करून बसली होती. कराड जवळ आल्यावर म्हणाली, "सर, राग नका मानू. मुलाखतीत मी तुमचं उत्तर दिलं. निवड त्याची झाली. माझी न्हाई."

मी रागावलो. घरी आल्यावर सुभेदारांशी कडाक्याचा वाद घातला. "तुम्ही पोरीचे पाय ओढताय!"

"सर, संस्था लय भारी हाय, पोरगीबी भारी हाय," ते शांतपणे म्हणाले. "पर तिनं न्हाई म्हणायचं ठरवलं, तर तिला तुमच्या त्या फ्लेक्साखालनंच जावं लागंल. ती आदी मोकळी झाली पायजे."

दुसऱ्या दिवशी ऐन बाजाराच्या गर्दीत सुभेदार शिडी आणि विळा घेऊन नाक्यावर गेले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. कुणी ओरडलं, "आवं सुभेदार, पोरगी शिकंल म्हून पोटात दुखतंय व्हय?" ते वरूनच म्हणाले, "व्हय रं, लय दुखतंय. शिडी नीट धर." सगळा दोष असा हसत अंगावर घेतला, की मनूकडे कुणी बोट दाखवायला नको. मी चहाच्या गाड्यामागं उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. नाही बोललो.

मनूनं त्या वर्षी संस्थेला नकार कळवला. फ्लेक्स सुभेदारांनी कडब्याच्या गंजीवर ताणून बांधला. पुढचं सबंध वर्ष माझा हसरा चेहरा वैरणीवर पहारा देत होता. "बघा सर," चहा ओतत ते म्हणायचे, "आता कुटं तुमचं मार्गदर्शन म्हशीला उपयोगी पडाय लागलंय." मला हसू यायचं, आणि हसताना आत कुठेतरी टोचायचंही.

मनू कुपवाडलाच राहिली. खरेदी बघू लागली, मग गिऱ्हाइकं. गेल्या दिवाळीत सुभेदार आजारी पडले. खाटही त्यांनी दाराजवळच टाकायला लावली होती. मी उशाशी होतो. मनू आली आणि म्हणाली, "आबा, परत परीक्षा दिलीय. या बारीला सरास्नी विचारलं न्हाई."

"लय झ्याक केलंस," माझ्याकडे बघून डोळा मिचकावत ते म्हणाले. "घिऊन काय येणार?"

"आमी भाग बनवतो, त्यावर नाव दुसऱ्या कंपनीचं बसतं. भावबी त्येच ठरवत्यात. आमचा माल आमच्या नावानं कसा विकायचा, ते शिकून कुपवाडला यायचंय. मालकास्नी बोललेय. ते थांबणार हायत."

सुभेदार म्हणाले, "जा. आता बिनघोर जा." अडवणारा माणूस असा बोलतो का, हे आता नाक्यावरच्या मंडळींनीच मला सांगावं.

तिच्या निवडीची बातमी आली तेव्हा ते नव्हते. नाक्यावरची पोरं माझ्याकडे फ्लेक्ससाठी फोटो मागायला आली. मी चहा पाजून त्यांना परत पाठवलं आणि घरात जाऊन हे लिहायला घेतलं.

निघाली तेव्हा मी तिला कराडच्या स्टँडवर सोडायला गेलो होतो. पुण्याची एसटी लागली. बॅग घेऊन ती चढली, आणि जागेवर बसण्याआधी तिची मान आपसूक मागं वळली. 'संकटकालीन मार्ग' असं लिहिलेलं दार तिनं नीट पाहून घेतलं. मग खिडकीतून खाली बघत म्हणाली, "सर, दिवाळीचं तिकीट काढूनच ठेवलंय."

मी विचारलंही नव्हतं.