सर्व्हर पडला की खुलणाऱ्या वैनी

सर्व्हर बंद पडला की आमच्या वैनींचा चेहरा खुलायचा. एरवी त्या जरा कंटाळलेल्याच दिसायच्या. सगळं सुरळीत चाललेलं असलं की कीबोर्ड पुसत बसायच्या, नाहीतर खिडकीतून उगाच बाहेर बघायच्या. पण कुणी दारात येऊन मेल जात नसल्याचं सांगितलं, की ओढणी खोचून खुर्ची पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, "चला, आज काय तरी नवीन कळनार." समोरच्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा आणि या मात्र आवडीच्या ताटावर बसावं तशा बसायच्या.

शहापूरला एका ट्रस्टचं रुग्णालय आहे आणि मुरबाडला त्याची लहानशी शाखा. शहापूरचे सगळे कॉम्प्युटर, मेलचा सर्व्हर वगैरे वैनी सांभाळायच्या. मुरबाडचं मी बघायची. वैनींचे धाकटे दीर रुग्णालयाची अँब्युलन्स चालवायचे. ते वैनी म्हणायचे म्हणून नर्सही म्हणायला लागल्या, मग औषधवाले, आणि शेवटी मोठे डॉक्टरसुद्धा. वैनींच्या सासरची भातशेती, घर सापगावला. कॉम्प्युटरचं शिक्षण त्यांनी लग्नानंतर कल्याणला जाऊन-येऊन पुरं केलेलं. सासू डबा भरून द्यायची, हे त्या सगळ्यांना अभिमानानं सांगत.

कामाला लागले तेव्हा मला आधी काही दिवस शहापूरला त्यांच्याशेजारी बसवलं होतं. एका दुपारी मेल एकदम बंद झाले. बाहेर जाईनात, आत येईनात. वैनी बैठकीला गेल्या होत्या. मी घाबरून सर्व्हर बंद-चालू केला, पुन्हा केला, काही फरक पडेना. वैनी आल्या आणि माझा चेहरा बघून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, मी जेवले का. मी नाही म्हटलं.

"मग आदी जेव गो. उपाशी मानूस तेच तेच बटन दाबतो."

त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर त्यांनी मला एकच गोष्ट शोधायला सांगितली. सर्व्हर कालपर्यंत नीट चालत होता, तर कालपासून आजपर्यंत काय बदललं? मी शोधत गेले आणि डिस्क काठोकाठ भरलेली सापडली. आमच्या भांडारातल्या काकांनी मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचा व्हिडिओ दोन्हीकडच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना मेलनं पाठवला होता, आणि कौतुकानं ज्यानं त्यानं तो आणखी पुढे धाडला होता. ठेवायला जागाच उरली नाही म्हणून सर्व्हरनं नवीन मेल घेणं थांबवलं होतं.

वैनींनी ते व्हिडिओ काढून टाकले, मोठ्या फाइल पाठवण्यावर मर्यादा घातली आणि मला घेऊन भांडारात गेल्या. काकांच्या कानावर सगळं गेलेलं होतंच. ते उभे राहिले. वैनींनी त्यांना सांगितलं की पत्रिका अगदी व्यवस्थित पोचली, आता हळदीला कधी यायचं तेवढं सांगा. आम्ही हळदीला गेलो. वैनी तिथे इतक्या नाचल्या की दुसऱ्या दिवशी लंगडत कामावर आल्या.

त्यांच्या स्वतःच्या चुकाही त्या अशाच हसत सांगायच्या. एकदा सुटीच्या दिवशी घरातूनच रिमोट डेस्कटॉपनं त्या रुग्णालयाच्या सर्व्हरला जोडल्या होत्या. म्हणजे सापगावच्या ओटीवर बसून शहापूरच्या सर्व्हरचा पडदा डोळ्यांसमोर. बाहेरचं कुणी घुसू नये म्हणून फायरवॉलचे नियम कडक करायला घेतले, आणि त्या नियमांत स्वतःचाच रस्ता बंद करून बसल्या. पडदा जागच्या जागी थिजला. त्या एवढ्या हसल्या की सासू चुलीपुढून उठून बाहेर आली. मग स्कूटर काढून शहापूरला गेल्या आणि हातानं दुरुस्त करून आल्या. सोमवारी कुणाला कळलंही नसतं, पण त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून त्यांचा नियम झाला: दूरच्या मशीनला हात लावायचा असेल तर त्या मशीनजवळ आपलं माणूस बसलेलं पाहिजे.

मुरबाडला एकदा ते माणूस मी होते. सकाळभर वीज नव्हती. ती आली आणि त्याच सुमारास सिद्धगडाच्या बाजूच्या एका वाडीतून चौघांनी एका माणसाला झोळीतून खाली आणलं. तो झाडावरून पडला होता आणि मान हलवू शकत नव्हता. बायको त्याचा हात सोडायला तयार नव्हती. एक्स-रे काढला. तो बघणार होते शहापूरचे हाडांचे डॉक्टर, आमच्या सर्व्हरला रिमोटनं जोडून. पण त्यांना आत येताच येईना. पासवर्ड बरोबर असूनही सर्व्हर नाकारत होता. मी पडद्याचा फोटो काढून फोनवर पाठवला. डॉक्टर म्हणाले, एवढ्या पुसट फोटोवर मानेबद्दल मी काही बोलणार नाही. हाड मोडलं असेल तर इकडे आणताना रस्त्याच्या धक्क्यांनीही घात होऊ शकतो. तोवर त्याला तसाच सपाट ठेवा.

मी वैनींना फोन लावला. हाडांचे डॉक्टर वैनींच्याच खोलीत येऊन उभे होते. मी भराभर सांगत सुटले, तर वैनींनी मला थांबवलं.

"भिंतीवरच्या घड्याळात काय वाजलंय ते मला नको सांगू. सर्व्हरच्या घड्याळात बग."

बघितलं, तर सर्व्हर कित्येक वर्षं मागे, कुठल्याशा जानेवारीत जाऊन बसला होता. वीज गेल्यावर घड्याळ चालतं ठेवणारा आतला बटणासारखा सेल संपला होता. दोन मशीनच्या वेळा जुळल्या नाहीत की एक दुसऱ्याची ओळख मानत नाही, म्हणून डॉक्टरांना दार उघडत नव्हतं. वैनींनी मला त्या मशीनवरच्याच वेगळ्या खात्यानं आत जायला लावलं, तारीख-वेळ बरोबर करून घेतली आणि डॉक्टरांना पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. मग मला माझ्यासमोरच्या पडद्यावर दिसलं, की डॉक्टर आत आलेत.

डॉक्टरांनी एक्स-रे मोठा करून, फिरवून, निरखून पाहिला. त्यांनी आमच्या डॉक्टरांना आणखी एका बाजूनं फोटो काढायला लावला, तोही पाहिला. हाड शाबूत होतं. मार स्नायूंना बसला होता. थोड्या वेळानं गळ्याला पट्टा बांधून त्या माणसाला उशीला टेकवून बसवलं, तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला ते चहा मागण्याचं. बायको इतका वेळ गप्प होती, ती आता त्याला झाडावर चढण्यावरून बोलू लागली, आणि चहा येईपर्यंत थांबलीच नाही. फोन अजून चालूच होता. वैनींना तिकडून सगळं ऐकू जात होतं, आणि त्या खुदूखुदू हसत होत्या.

पुढे नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयानं वैनींना बोलावलं. त्यांच्या यजमानांची नोकरी तिकडेच होती, त्यामुळे नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या जागी माझी शहापूरला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना सापगावला जेवायला बोलावलं. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण. मी घास चिवडत बसले होते. आता काही अडलं तर मी कुणाला फोन करू, असं मी त्यांना विचारलं.

"कर ना मला. पन आदी थोडी अडून बग. बरं वाटतं."

त्या गेल्या आणि महिना व्हायच्या आत मेलचा सर्व्हर बसला. हात सारखा फोनकडे जात होता. पण मी आधी जेवले, मग कालपासून काय बदललं ते शोधत बसले. मेलची ओळख पटवणारं सर्टिफिकेट त्या दिवशी संपलं होतं. नवीन मिळवलं, बसवलं, आणि दुपारी सगळ्यांचे मेल धडाधड येऊ लागले. मग मात्र मला राहवेना. मी वैनींना फोन केला आणि ऐटीत सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्यांना ते सकाळीच कळलं होतं. नवीन घरचा पत्ता त्यांनी आम्हा सगळ्यांना मेलनं पाठवला होता आणि तो मेल परत आला होता.

"मग तुम्हीच का नाही फोन केलात?" मी विचारलं.

"तू केला नायस ना," त्या म्हणाल्या, "म्हनून मी आपली फोन घेऊन बसून राहिले."