अंबाडीचे शेंडे

बाळांनो, नव्वदच्या दशकात बहरीनला आमच्या खालच्या मजल्यावर एक इजिप्शियन बाई राहायची. त्यांच्या इजिप्तमध्ये लग्नात लाल बोंडांचं सरबत देतात. मुलीच्या लग्नासाठी तिने अंगणातल्या खाऱ्या मातीत त्या बोंडांची झाडं लावली, कर्कदे म्हणायची ती त्यांना. बघते तर आपली अंबाडी! पानं तिला नकोच होती, "ने," म्हणाली. मी भाजीसाठी कोवळे शेंडे खुडले. ती स्वतःच्या दोन्ही गालांवर थापट्या मारत ओरडली, "खलास! लग्नात काय तुझी भाजी वाटू?"

"शेंडा खुडला की फांद्या फुटतात," मी म्हणाले. ती कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही, झाडांशी मात्र पुटपुटायची. मग फांद्या फुटल्या आणि बोंडांनी लगडल्या.

लग्नात नवरदेवाला थांबवून तिने पहिला पेला मला दिला आणि गरजली, "यल्ला, चला, आधी हिला! हिच्या भाजीने माझं सरबत दुप्पट केलं!"