भरिताच्या पंगतीतली पारख

इतक्या चुका करून शेवटी इतकं बरोबर ठरणारं माणूस आमच्या अक्कांशिवाय अख्ख्या खानदेशात सापडायचं नाही. अक्का म्हणजे फैजपूरच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक, मूळच्या नरडाण्याकडच्या. बिथरलेली, रुसलेली, मुकाट बसणारी, कसलीही मुलगी आली की तिला शिवणवर्गात बसवायचं, ही तिथली जुनी रीत त्यांनी मोडली. मुलीला काय हवं ते ऑफिसात विचारून कळत नाही, भरीत खाताना कळतं, अशी त्यांची ठाम श्रद्धा. म्हणून हिवाळ्यातल्या रविवारी केळीच्या बागेशेजारी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जायची. कोण दातओठ खाऊन वांगी ठेचतं, कोण जेवतच नाही, हे अक्का हातातला घास हातातच ठेवून बघत बसत. मग एकीची रवानगी कबड्डीला, दुसरीची डॉक्टरांकडे. एक मुलगी फार मोठ्यानं बोलते म्हणून तिला त्यांनी गाण्याच्या शिकवणीला घातलं. गाण्याच्या बाई आठवड्यात हात जोडत आल्या, तेव्हा उलगडा झाला की पोरीला एका कानानं ऐकूच येत नाही. अक्कांनी कपाळावर हात मारला आणि तिला जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

माझ्या बाबतीतही त्या चुकल्याच. मी दहावीत होते आणि सारखी सातपुड्याच्या पायथ्याशी, माझ्या गावी पळून जायचे. ही गणिताला भिते, असं ठरवून अक्कांनी मला शिकवणी लावली. मी तरीही पळाले. शेवटी वसतिगृहाच्या समितीनं माझं नाव काढायचं ठरवलं. नाव गेलं की शाळा संपली आणि मी आईबापामागे गुजरातेत मजुरीला, हे उघड होतं. अक्कांनी एका रविवारची मुदत मागून घेतली.

त्या रविवारी मी ओढणीत भरिताबरोबरच्या पुऱ्या बांधताना सापडले. स्वयंपाकीणबाईंनी चोर पकडल्यासारखा गलका केला. अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोनासाठे व?"

धाकटा भाऊ गावी एकटाच आहे, शेजाऱ्यांच्या ओट्यावर झोपतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. अक्कांनी पुऱ्यांची गाठ नीट बांधून दिली. मग म्हणाल्या, "मनं चुकनं, माय."

सोमवारी त्या स्वतः बसनं माझ्या गावी गेल्या. आईबापाशी फोनवर बोलून त्यांनी भावाला यावलच्या निवासी शाळेत घातलं, आणि समितीशी भांडून माझं नाव राखलं. दर रविवारी त्याला भेटायला मिळू लागलं. मी पुन्हा पळाले नाही.

आज मी धुळ्याला नर्स आहे, ती अक्कांमुळे. त्या आता गावी असतात, थकल्यात. फोनवर कधीकधी माझं नावही त्यांना पटकन आठवत नाही. पण पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ कसा शे?" तो बरा आहे म्हटलं, की मी कशी आहे ते त्या विचारत नाहीत. त्यांना ते कळलेलं असतं.