पगारी रजेत मेंढरांमागं

सांगलीतल्या मागाच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा तिथं घड्याळाला फारशी किंमत नव्हती. उजाडलं की माग सुरू, दिवेलागण झाली की बंद. सुटी फक्त अमावस्येला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आमचं घराणं पूर्वेच्या कोरड्या मुलखातलं, मेंढरांवर जगणारं, आणि मेंढरांना तर अमावस्याही ठाऊक नसते. दुष्काळात कळप निम्मा झाला, सगळ्या भावांना पुरेनासा झाला, म्हणून मी खाली नदीकाठी आलो. आमच्यात नोकरीला लागलेला मी पहिलाच. माझ्या वडिलांना, आबांना, ते मुळीच पटलं नव्हतं. चार भिंतींत उभं राहून दुसऱ्याच्या हुकमानं जेवणारा माणूस त्यांच्या लेखी कैदीच होता.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी दिवाळीनंतर सगळं बदललं. नवे मॅनेजर आले. छपरावर भोंगा बसला. मुकादमानं आम्हाला अंगणात गोळा करून सांगितलं की आता दोन पाळ्या, प्रत्येकाला आठ तास काम, रविवारी सुटी आणि वर्षातून एकदा पगारी रजा. रजेचं ऐकून लोक हसायला लागले. घरी बसायचा पगार कोण देतो? माझ्या शेजारच्या मागावर एक म्हातारे कोष्टी होते. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम. धनगराचं पोर मागावर उभं राहिलंय याची त्यांना आधी गंमत वाटायची, पुढं सवय झाली. ते म्हणाले, आधी हातात पडू दे, मग खरं.

मला दुपारची पाळी मिळाली. त्या पहिल्या दिवसांत मी पार हैराण झालो. पहाटे डोळे उघडायचे आणि पुढं सगळी सकाळ मोकळी. जेवायच्या वेळी भूक नसायची आणि मागावर उभा राहिलो की पोटात कावळे ओरडायचे. करमेना म्हणून मी लवकरच जाऊन फाटकापाशी बसायचो. मुकादम हाकलून लावायचा. शेवटी कोष्टीबाबाच एकदा वैतागून म्हणाले की एवढी नदी वाहतेय, तिच्याकडं तरी जाऊन बघ.

नदीची मला भीती वाटायची. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीतून पोहऱ्यानं ओढायची वस्तू. एवढं पाणी आपणहून चाललंय आणि कुणी त्याला अडवत नाही, हे बघूनच मी सुरुवातीला दडपून गेलो होतो. पण घाटावर पोहायला येणाऱ्या तालमीतल्या गड्यांनी, त्यातले काही आमच्याच कारखान्यातले, माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि सरळ ढकलून दिलं. नाकातोंडात पाणी गेलं, खूप ओरडलो. दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून गेलो. थंडी संपायच्या आत भोपळा सुटला आणि पुढं एका सकाळी मी कृष्णा पार करून पलीकडच्या वाळूत जाऊन उभा राहिलो. तिथं उभं राहून मोठ्यानं हसलो, एकटाच. मोकळी सकाळ ही किती मोठी चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं.

चैत्रात पहिली रजा आली. यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवून सगळ्यांना एकदमच रजा दिली होती. मी आईसाठी लुगडं घेतलं, आबांसाठी पटका घेतला आणि निघालो. शेवटची वाट उन्हातून चालत गेलो. बघतो तर घराच्या दारात बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या. मी येड्यासारखा विसरलोच होतो. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन चाऱ्यापाण्यामागं पश्चिमेला जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. चैत्रात गावात राहतं कोण? शेजारच्या आंधळ्या म्हातारीनं माझा आवाज ओळखला. म्हणाली, "तुजी माणसं घाटाखाली कोकणात गेली असतील रं. आता कुठं शोधतोस?" मी तिच्या ओसरीवर दोन दिवस काढले आणि परत सांगलीला आलो. कारखान्याला कुलूप. उरलेली रजा मी नदीत डुंबून संपवली, पण लुगडं आणि पटका तसेच गाठोड्यात राहिले, ते मनाला लागलं होतं.

आमचे नवे मॅनेजरही सकाळी त्याच घाटावर पोहायला यायचे. कारखान्यात ते कोट घालून काचेच्या खोलीत असायचे, तिथं मी कधी पाऊल टाकलं नसतं. पण घाटावर ते पंचा नेसून पायरीवर बसलेले असायचे. दसरा झाल्यावर एक दिवस मी धीर केला. चैत्रातली सगळी हकीकत त्यांना सांगितली आणि म्हणालो, "साहेब, रजा आमची हाय म्हणता. मग ती आमाला लागंल तवा का न्हाई?"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सगळे हवे तेव्हा गेले तर माग कोण चालवणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो की सगळ्यांची निकड एका वेळची नाही. कुणाला ऊसतोडीला जायचंय, कुणाला गावच्या जत्रेला, कुणाच्या घरी लग्न. एक गेला तर शेजारचा त्याचा माग सांभाळील. साहेब म्हणाले, "दिवाळीनंतर नव्या वर्षाची रजा लागेल, तेव्हा आधी तू जा. तुझ्या मागावरचं कापड बिघडलं नाही, तर सगळ्यांसाठी बघू. बिघडलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

माझा माग कोण सांभाळणार हा प्रश्न होता. कोष्टीबाबांना विचारायला मला जड गेलं. दोन माग सांभाळायचे म्हणजे त्या वयात पायांचे तुकडे. त्यांनी मला एवढंच विचारलं की हे जमलं तर त्यांनाही हवी तेव्हा रजा मिळेल का. मी होय म्हणालो. ते म्हणाले, "मग जा तू. तुज्या मागाला मी हाय."

मार्गशीर्षात मी गाडीनं कऱ्हाडला उतरलो आणि तिथून मलकापूरकडं चालत गेलो. दर वर्षी त्या दिवसांत तिथल्या एका बागायतदाराच्या रानात आमची मेंढरं लेंडीखतासाठी बसवलेली असत. तो पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला सुभेदार होता. ओढा ओलांडला आणि कुत्र्यांनी मला वासावरूनच ओळखलं. आई हातातलं पीठ तसंच ठेवून धावत आली. आबा मात्र कोकराला हातात धरून जागेवरच उभे राहिले.

"कामावरनं काढलं का रं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "न्हाई आबा. रजा हाय. पगार चालू हाय."

त्यांचा विश्वास बसेना. माझ्यावर काहीतरी आफत आली आहे आणि मी ती लपवतोय असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी मला तडक सुभेदाराकडं नेलं. सुभेदारानं सगळं ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं की अशी रजा पलटणीत असते, पण त्यासाठी साहेबापुढं टाचा जुळवाव्या लागतात. तुझ्या पोरानं ती मागून घेतली.

मी रोज मेंढरांमागं गेलो, काठी खांद्यावर टाकून, उसाच्या कडेकडेनं. पायांना सगळ्या सवयी आठवत होत्या. एका संध्याकाळी शेजारच्या तळावरचे धनगर तंबाखू खायला आले होते. आबांनी नवा पटका बांधला होता. मी लांब कोकरं आत घालत होतो, तरी मला ऐकू आलं. ते म्हणत होते, "त्यो बघा आमचा पोरगा. हितं कोकरं वळतोय आन् तिकडं सांगलीत त्याची हजेरी चालली हाय."

मी मान वर केली नाही. चेहरा लपवायला एक कोकरू उचलून घेतलं.

परत आलो तेव्हा कोष्टीबाबांचे पाय सुजले होते, पण माझ्या मागावरच्या कापडात एक धागा चुकलेला नव्हता. साहेबांनी ते कापड खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि मुकादमाला बोलावलं. त्या आठवड्यातच मुकादमानं सगळ्यांना पुन्हा अंगणात गोळा केलं. या वेळी कुणी हसलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या गरजेला रजा मागायची, फक्त आधी सांगायचं आणि शेजाऱ्याची कबुली घ्यायची. कारखान्यातल्या तालमीच्या गड्यांनी मला उचलून फाटकाबाहेर नेलं.

पौषात कोष्टीबाबा औंधाच्या यमाईच्या यात्रेला गेले. त्यांची लेक त्या गावात दिलेली होती आणि लग्नानंतर यात्रेला ते एकदाही तिच्याकडं गेले नव्हते. त्यांचा माग मी सांभाळला. डावीकडं त्यांचा, उजवीकडं माझा, दोन्ही मागांचे धोटे सूत घेऊन एकदम पळत होते. घाम डोळ्यांत जात होता आणि मी सगळी पाळीभर मेंढरं वळताना घालतात तशी शीळ घालत होतो.